कुटुंबाची गाडी : जागा किती, भार किती?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तेथील पुराणवस्तू संग्रहालयामुळे परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी प्रवासवर्णनात या गावाचा 'तगर' या नावाने उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांमधून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून, भडोच बंदराकडे नेली जाते, असे हा लेखक नमूद करतो. या जिल्ह्यातील वाहनांचा लिखित इतिहास असा जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. त्या गाड्यांची आसने किती होती हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु वाट खडतर, भार मोठा आणि पल्ला लांब हा त्या गाडीवानांपुढील प्रश्न आजच्या कुटुंबप्रमुखापुढेही तसाच उभा आहे. फरक इतकाच की, आता गाडीत कापडाऐवजी आजी, नातवंडे, पाण्याचे जार आणि शिदोरीचे डबे असतात.

मराठवाड्यात लग्न उरकले की नवदांपत्यासह सारे घर 'देवदेव' करण्यास निघते. बाळाचे जावळ असो, कुलाचार असो किंवा दिवाळीची सुट्टी असो, प्रवास एकट्यादुकट्याचा नसतो. तुळजापूरच्या श्रीतुळजाभवानीच्या दर्शनास महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशातूनही कुटुंबेच्या कुटुंबे येतात. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचण्यासाठी माणसांचा महापूर लोटतो. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र याच जिल्ह्यात आहे. अलीकडे या धार्मिक प्रवासाला दुर्गभ्रमणाची आणि वनविहाराची जोड मिळाली आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर व मादी धबधबे, परंड्याचा भुईकोट, धाराशिव शहराजवळील लेणी, येडशीजवळचे रामलिंग ही स्थळे पाहण्यास मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांची व शिक्षकांची संख्या वाढत आहे. ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र जिल्ह्याच्या रस्त्यांवर सातजणांच्या गाडीत अकराजण आणि टपावर वळकट्यांचा ढीग असे दृश्यही नित्याचे झाले आहे, आणि या विषयाचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो.

दमणीपासून क्रूझरपर्यंत

मोटार येण्यापूर्वी सुखवस्तू घरातील स्त्रिया व मुले दमणीतून किंवा छकड्यातून प्रवास करीत. बाकीचे पायी चालत. भाराच्या बाबतीत या भागाने एक विलक्षण प्रवासही पाहिला आहे. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' ही तोफ मूळची परंड्याच्या किल्ल्यावरची. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ १६३२ मध्ये मुरार पंडितांनी विजापुरास नेली. तिला ओढण्यास चारशे बैल व दहा हत्ती लागले असे सांगतात. आकडा खरा असो वा वाढविलेला असो, वाहन निवडण्यापूर्वी भार मोजावा ही गोष्ट त्या काळच्या लोकांना ठाऊक होती एवढे निश्चित.

हा जिल्हा तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १९३२ मध्ये रेल्वेच्या अखत्यारीत सरकारी बससेवा सुरू झाली, तर मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एस.टी. धावली. सर्वसामान्यांचे मोठे वाहन म्हणजे एस.टी. हे समीकरण पुढे कित्येक दशके टिकले. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरकडे जाणारी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडीही या भागाच्या आठवणीत आहे. त्या मार्गाचे रुंदीकरण होऊन २००८ पर्यंत धाराशिव शहर मोठ्या रेल्वेमार्गावर आले.

खेड्यांना मोटारीचा पहिला निकटचा परिचय झाला तो जीपमुळे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत जीप जोडण्यास प्रारंभ केला आणि १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर विकास गटाची जीप ही शासनाची ओळखच होऊन बसली. त्या जीपच्या मागील भागातील समोरासमोरची लांब बाके पुढे खाजगी वाहनांनी जशीच्या तशी उचलली. ती बाके अधिकाऱ्यांच्या फिरतीसाठी योग्य होती. कुटुंबाच्या दूरच्या प्रवासासाठी नव्हे. या वारशाचा त्रास आजही अनेक प्रवासी भोगत आहेत.

पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची स्थापना १९५८ मध्ये झाली. तिच्या तीनचाकी गाडीने 'टेम्पो' हा शब्दच मराठीला दिला. याच कंपनीची मॅटाडोर, नंतरची ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर ही वऱ्हाडाची व यात्रेकरूंची वाहने ठरली. कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी गावकरी अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर' असेच म्हणतात. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली. ओम्नी या नावाने ती २०१९ पर्यंत बनत होती. टाटा सुमो १९९४ मध्ये आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिचेही उत्पादन २०१९ मध्ये थांबले. टोयोटा क्वालिस व महिंद्र बोलेरो २००० मध्ये, स्कॉर्पिओ २००२ मध्ये, इनोव्हा २००५ मध्ये, मारुती ईको २०१० मध्ये आणि अर्टिगा २०१२ मध्ये बाजारात आली. आज जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाड्यांच्या थांब्यावर उभे राहिले, तर यांपैकी चार-पाच प्रकार आणि त्यांच्या शेजारी क्रूझर हटकून दिसेल.

आसने आणि भार

मोठी गाडी निवडताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे 'किती जण बसतात?' या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडून किंवा शेजाऱ्याकडून न घेता नोंदणी प्रमाणपत्रातून घ्यावे. त्यावर आसनक्षमता लिहिलेली असते आणि त्या आकड्यात चालकही धरलेला असतो. 'सात आसनी' गाडीत म्हणजे सहा प्रवासी व एक चालक. भाड्याच्या गाडीबरोबर चालक येतो, हे लक्षात न घेता सातजणांचे कुटुंब सात आसनी गाडी ठरविते आणि निघण्याच्या दिवशी पहाटे कोणीतरी कोणाच्या मांडीवर बसते.

दुसरा प्रश्न विचारणारे मात्र फार थोडे. गाडी किती वजन वाहू शकते? प्रत्येक गाडीचे रिकामे वजन आणि तिचे कमाल सभार वजन उत्पादकाने ठरविलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे माणसे व सामान मिळून गाडीवर घालता येणारा भार. एक उदाहरण पाहू. समजा, एखाद्या सात आसनी गाडीचे रिकामे वजन १,२०० किलो व कमाल सभार वजन १,७८० किलो आहे. म्हणजे भाराला ५८० किलोंची मुभा आहे. पाच प्रौढ प्रत्येकी ६५ किलोंचे आणि दोन मुले प्रत्येकी ३० किलोंची धरली, तर ३८५ किलो होतात; सामानासाठी १९५ किलो उरतात. हिशेब निर्धास्त आहे. आता याच गाडीत आणखी दोन प्रौढ बसविले, तर माणसांचेच वजन ५१५ किलो होते. नऊजणांचे प्रत्येकी १० किलो सामान धरले, तर एकूण भार ६०५ किलो झाला. टपावरचे कॅरिअर, पाण्याचे जार आणि परतीच्या वाटेवर घेतलेले प्रसादाचे पुडे अद्याप मोजलेले नाहीत.

पंचवीस-पन्नास किलोंनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. सपाट रस्त्यावर, थंड हवेत व कमी वेगात कदाचित काही बिघडणार नाही. परंतु अधिक भाराने गाडी मागे बसते, टायरची कड अधिक घासते व तापते, ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. एप्रिल-मे महिन्यांत या जिल्ह्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. डांबर त्याहूनही तापलेले असते. हवा कमी असलेला, जुना व जादा भार वाहणारा टायर अशा वेळी फुटला, तर चालकाच्या हाती फारसे काही राहत नाही. टपावर सामान चढविले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर किंवा अचानक चुकविताना उंच गाडी कलंडण्याचा संभव वाढतो. म्हणून जड सामान नेहमी आत, खाली आणि मागच्या चाकांच्या शक्यतो पुढे ठेवावे. टपावर ठेवायचेच झाले तर अंथरुणासारख्या हलक्या वस्तू, त्याही नीट बांधून.

सामानाच्या जागेबाबत आणखी एक फसगत होते. सात आसनी गाडीची तिसरी रांग उघडली की मागे सामानाला एखादी पिशवी मावेल इतकीच जागा उरते. जाहिरातीतील भली मोठी डिकी ही तिसरी रांग मिटल्यावरची असते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत टाकी बहुधा मागच्या बाजूलाच असल्याने ही जागा आणखी घटते. गाडी पाहण्यास जाताना घरातील सर्व माणसे आणि नेहमी नेली जाणारी बॅग बरोबर न्यावी, सर्वांना बसवावे, मग बॅग ठेवून मागचे दार लावून पाहावे. या अर्ध्या तासाने माहितीपत्रकाच्या पानापानांतून न कळणारी गोष्ट कळते.

तिसऱ्या रांगेत कोण बसते?

याचे उत्तर प्रत्येक घरात एकच असते, मुले. ती लहान असतात, वाकून आत शिरतात, कोंबून बसतात व तक्रार करीत नाहीत. अवजड सामान मागे सरकले तर ते त्यांच्याच अंगावर येते. मागून ट्रकची धडक बसली तर प्रथम तिसऱ्याच रांगेला बसते. आणि त्या रांगेत आडवी बाके असतील, तर त्यांवर समोर तोंड करून बसता येत नाही. गाडी एकाएकी थांबली की आडव्या बाकावरील मूल पाठीने सावरले जात नाही. ते बाकावरून पुढच्या आसनाच्या दिशेने फेकले जाते. समोर तोंड असलेले आसन, त्याला पाठ, डोक्यामागे आधार आणि खांद्यावरून येणारा पट्टा या चार गोष्टी मुलांच्या जागेवर नसतील, तर त्या गाडीला कुटुंबाची गाडी म्हणणे कठीण आहे. क्रूझरच्या वर्गातील बहुतेक गाड्यांत मागे आडवी बाके असतात. याच वर्गात सर्व आसने समोर तोंड करून असलेली दहा आसनी सिटीलाईन ही गाडी २०२३ मध्ये आली. भाड्याची गाडी ठरवितानाही हा फरक विचारून घेता येतो.

पट्ट्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज दृढ आहे की, तो पुढे बसणाऱ्यांसाठी असतो. दिनांक ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ मृत्युमुखी पडले. दोघेही मागील आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी अत्यंत महागडी होती. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा बालआसनाने सुरक्षित बसविण्याची जबाबदारीही त्याच कलमाने घातली आहे.

पुढच्या आसनावर आईने तान्हे बाळ मांडीवर घेऊन बसणे ही प्रथा मायेची असली तरी घातक आहे. अपघातात उघडणारी हवेची पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत प्रचंड जोराने बाहेर येते. तिच्या व आईच्या मध्ये बाळ असेल, तर काय होईल हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. बाळंतीण व बाळ यांची जागा मधल्या रांगेत असावी आणि बाळासाठी निराळे बालआसन असावे. त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

नव्या गाड्यांच्या बाबतीत ग्राहकाच्या हाती एक चांगले साधन आले आहे. भारत सरकारची 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणीची योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना तीत प्रौढांच्या व बालकांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र तारे दिले जातात. ही चाचणी उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून असल्याने प्रत्येक गाडीचे तारे उपलब्ध असतीलच असे नाही. मात्र विक्रेत्याला तारे विचारावेत आणि विचारताना बालकांचे तारे आधी विचारावेत.

घरातील वृद्धांचा विचार उलट दिशेने करावा लागतो. उंच जीपगाडी खड्ड्यांतून सुखाने जाते, परंतु गुडघे धरलेल्या आणि नऊवारी नेसलेल्या आजींना तिच्यात चढणे हा स्वतंत्र गडच असतो. पायरी, आत चढताना धरण्यास दांडी आणि रुंद उघडणारे दार या साध्या गोष्टी खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. नंतर देवदर्शनाला आजींना घरीच ठेवून जाण्याची पाळी येते. ज्यांच्या नवसासाठी प्रवास काढला, त्याच मागे राहतात. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र आसने असतील, तर मागे जाण्यास मधून वाट मिळते. सलग बाक असेल, तर तो प्रत्येक वेळी दुमडावा लागतो, पण एक माणूस अधिक बसतो. यांत बरे-वाईट घरातील माणसे पाहूनच ठरते. उन्हाळ्यात तिसऱ्या रांगेपर्यंत थंड हवा पोचते की नाही, हेही दुपारी बारा वाजता गाडी चालवून पाहावे, सायंकाळी नव्हे.

घाट, काळी माती आणि ऊस

धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसलेला आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा, पूर्वी क्रमांक २११ व आता क्रमांक ५२ असलेला राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी व येरमाळा या गावांवरून जातो. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. तुळजापूरचा घाट सह्याद्रीतील घाटांइतका अवघड नाही. परंतु भरलेल्या गाडीचा दोष उघडा पाडण्यास तेवढा चढ पुरतो.

येथे गाडीच्या रचनेचा थोडा विचार उपयुक्त ठरेल. बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रूझर यांसारख्या गाड्यांचा सांगाडा खाली स्वतंत्र असतो, त्यावर वरचा डबा बसविलेला असतो आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. अर्टिगासारख्या गाडीत डबा व सांगाडा एकच असून शक्ती पुढच्या चाकांना मिळते. पहिला प्रकार खडबडीत वाटेवर टिकतो, भार सोसतो, पण हेलकावे देतो व इंधन अधिक खातो. दुसरा प्रकार गुळगुळीत रस्त्यावर अधिक आरामाचा व काटकसरीचा. मात्र त्यात सर्व माणसे मागे भरून ओल्या, मुरमाड चढावर गाडी नेली की वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात आणि जागच्या जागी फिरू लागतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेच वजन चाकांना पकड देते. डांबरी महामार्गावर हा फरक जाणवत नाही. वस्तीच्या वा शिवारातील कच्च्या वाटेवर जाणवतो.

चारही चाकांना शक्ती देणारी गाडी घ्यावी काय, असे उत्साही तरुण विचारतात. या जिल्ह्यातील कुटुंबाला तिची गरज क्वचितच भासते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती चिकट लोण्यासारखी होते, हे खरे; परंतु त्यावरचा उपाय महाग गाडी हा नसून डांबर न सोडणे हा आहे. समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी भरलेली गाडी काळ्या मातीत उतरविली की चारही चाकांची शक्ती बहुधा चारही चाके रुतविण्यास उपयोगी पडते. जमिनीपासूनची उंची मात्र अवश्य पाहावी. माहितीपत्रकातील उंची भरलेल्या गाडीला राहीलच असे धरू नये, कारण भाराने गाडी खाली बसते. गावातील उंच गतिरोधक ही गोष्ट लगेच पटवून देतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो. कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्या व जोड-ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात आणि त्यांच्या मागे लाल परावर्तक असतोच असे नाही. नवरात्रात आणि कोजागिरी पौर्णिमेच्या सुमारास तर सोलापूरकडून व कर्नाटकातून लाखो भाविक पायी तुळजापुरास येतात आणि रात्रभर चालत असतात. या दिवसांत वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. निघण्यापूर्वी पोलिसांची सूचना वाचून घ्यावी. गाडीचे दिवे स्वच्छ व नीट खाली रोखलेले असावेत. ज्या कुटुंबाला रात्रीचा प्रवास टाळता येतो, त्याने या हंगामात तो टाळावा. आजींच्या नवसात रात्रीच निघण्याची अट सहसा नसते.

विकत की भाड्याने?

वर्षातून चार वेळा नऊजणांनी प्रवास करावयाचा आणि उरलेले दिवस दोघांनी शाळेत वा कचेरीत जावयाचे, अशी बहुतेक नोकरदार कुटुंबांची स्थिती असते. चार दिवसांसाठी मोठी गाडी घेऊन उरलेले तीनशेएकसष्ट दिवस रिकामी आसने वाहून नेणे हे इंधन, विमा व हप्ते या तिन्ही दृष्टींनी तोट्याचे आहे. घरात नेहमीच सहा-सात माणसे असतील, शेती व गाव यांमध्ये सतत ये-जा असेल, तर मोठी गाडी घेण्यात अर्थ आहे. एरवी रोजच्या वापराला लहान गाडी आणि प्रवासाला भाड्याची मोठी गाडी ही व्यवस्था शहाणपणाची ठरते. शासकीय वाहन हा तिसरा पर्याय नव्हे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असावी लागतात. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी 'डिझेल टाकून थोडे वर' या बोलीवर नेण्याचा प्रघात फार आहे. अशा वेळी परवान्याचा भंग तर होतोच. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि मग ओळखीचा मालक व ओळखीचे कुटुंब दोघेही न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा मालवाहू टेम्पोतून यात्रेकरूंना नेण्याबाबत तर हे अधिकच खरे आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी यात्रेच्या आधी गावातून निघणारी वाहने एकदा पाहिली, तर पुष्कळ अनर्थ टळेल. प्रवासी वाहनात जादा माणसे आढळल्यास प्रत्येकी २०० रुपये दंड असून जादा प्रवासी उतरवून त्यांची अन्य व्यवस्था होईपर्यंत वाहन पुढे नेता येत नाही. रात्री अकरा वाजता माळावर ही व्यवस्था कशी होणार, याचा विचार घरून निघतानाच करावा. चालकाच्या परवान्यासंबंधी पूर्वी संभ्रम होता. साडेसात हजार किलोंपर्यंतचे वाहन, ते भाड्याचे असले तरी, हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

भाडे ठरविताना दिवसाला किमान २५० ते ३०० किलोमीटर धरण्याची रीत आहे; चालकाचा भत्ता, पथकर व वाहनतळाचे शुल्क निराळे. धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट, सोलापूर असे करून परत येण्यास सुमारे २०० किलोमीटर होतात. म्हणजे तीनशेचे पैसे भरून शंभर किलोमीटर 'वाया' जातात. येथेच मोह उत्पन्न होतो. कोणीतरी म्हणते, पंढरपूरही करू. हिशेब तीनशेच्या पुढे जातो, पैसे वसूल होतात. परंतु पहाटे चारला उठलेला चालक रात्री अकराला बार्शीच्या रस्त्यावर डोळे ताणून गाडी हाकीत असतो. वाया गेलेले शंभर किलोमीटर हा प्रवासातील सर्वांत स्वस्त विमा समजावा.

माणसे पंधराच्या पुढे गेली, तर दोन गाड्यांपेक्षा ट्रॅव्हलर आणि त्याहून अधिक झाली तर एस.टी.चा प्रासंगिक करार बरा. लग्न, यात्रा व सहलींसाठी संपूर्ण बस चालकासह मिळण्याची ही सोय जुनी आहे, पण तरुण पिढीला तिचा विसर पडत चालला आहे. चारपाच जणांच्या कुटुंबाने तर नेहमीच्या एस.टी.चाही हिशेब करून पाहावा. पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य व महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. आजी, आई, मावशी व दोन नाती असा संच असेल, तर कोणतीही गाडी एस.टी.पुढे महागच पडेल. शिक्षकांना हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. शालेय सहलींसाठी एस.टी.चाच आग्रह धरला जातो.

गाडी ठरली की निघण्याच्या आदल्या दिवशी ती उजेडात पाहावी. विमा, योग्यता प्रमाणपत्र व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखा, चारही टायर आणि पाचवी स्टेपनी, जॅक, पाना. स्टेपनीत हवा आहे की नाही हे बहुधा पंक्चर झाल्यावरच कळते. प्रत्येक आसनाचा पट्टा ओढून पाहावा. भाड्याच्या गाड्यांत मागचे पट्टे आसनाच्या आवरणाखाली दडपलेले असतात आणि ते बाहेर काढून घेण्यास पाच मिनिटे लागतात. चालकाला ही कामे आवडत नाहीत. पण आदल्या सायंकाळी चहा पाजून ती करवून घेता येतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ व राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक मोबाइलमध्ये नोंदलेले असले, तरी कागदावर लिहून मधल्या रांगेतील एखाद्या मोठ्या मुलाच्या खिशात ठेवावेत. नळदुर्गच्या किल्ल्यात उतरताना तोच मुलगा आजींचा हात धरील, तेव्हा तिसऱ्या रांगेतील धाकट्यांना आधी उतरवून घ्यावे; मागचे दार आतून उघडत नसेल तर ते त्यांना तेथेच विसरल्याची तक्रार करू लागतात.